नवसागर

बडोद्याला समुद्र नाही.
आमच्या वाट्याला सागर आले ते दोनच:
एक सूरसागर, ज्याला लाटा नाहीत,
आणि दुसरा डबीतला नवसागर,
डाख देताना नाकात शिरून डोळ्यांतून निघणारा.

तिसरा दिघेमास्तरांनी आणला,
ट्रेसिंगच्या कापडावर, गुंडाळी करून,
काखेत छत्रीसारखा.

"भिवाजी, हे जहाज."
बाबांनी कापड उलटं धरलं होतं.
मास्तरांनी ते फिरवलं, बोट ठेवलं.
"हे पोट. आणि ह्या पोटाबाहेर आणखी एक पोट.
मधे आधी रिकामं, मग पाणी, मग पुन्हा रिकामं.
टॉर्पेडो बाहेरच्यावर फुटेल.
त्याचा राग वाटेतच जिरला पाहिजे,
आतल्या पत्र्याला नुसता निरोप कळावा."

बाबांनी विचारलं, मावेल किती?
पोट असलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी तपेलं.
"माणसं," मास्तर म्हणाले.

मग बराच वेळ फक्त भात्याचा आवाज.
भाता मी ओढत होते, बारा वर्षांची,
आणि मलाही माहीत होतं
की त्यांचा उल्हास इंजिनरूममध्ये असायचा,
पाण्याच्या रेषेच्या खाली,
आणि गेल्या डिसेंबरात रावपुऱ्यातून
तारवाला सायकल हातात धरून चालत आला होता.

पहिलं जहाज डालड्याच्या डब्याचं, एकाच पत्र्याचं.
मास्तरांच्या गच्चीवरच्या टाकीत सोडलं.
सुतळी बॉम्ब मेणात बुडवलेला,
वात रबराच्या नळीतून वर काढलेली.
दणका बसला आणि पत्रा आत वळला, ओठ मुडपल्यासारखा.
वहीत लिहिलं: अकरा सेकंद.
त्यांचं अक्षर कलाभवनातल्या फळ्यावर असायचं तसंच,
टाकानं कोरलेलं.

दुसऱ्याला बाहेरचं पोट, नुसतंच पोकळ.
एक्कावन्न सेकंद.
खालच्या मजल्यावरचे पटेल वर येऊन म्हणाले,
दिवाळीला अजून अवकाश आहे हां मास्तर.

तिसऱ्याला बाबांनी तीन रात्री दिल्या.
आतून पडदे, पडद्यांना डाख,
कुठं सुईभर वाट राहिली तर
कानाला लावून, फुंकून, पुन्हा डाख.
मास्तर स्टुलावर बसून राहत.
नवसागराच्या धुरात सगळ्यांचेच डोळे वाहतात,
त्यामुळं त्यांचे वेगळे असे कुणाला दिसले नाहीत.

फुटला तेव्हा टाकीतलं पाणी कठड्यावरून गेलं.
बाहेरचा पत्रा चघळलेल्या उसाचा चोथा.
पण जहाज उभं होतं.
जरा कललेलं, पण उभं.

मास्तरांनी आत हात घातला, तळ चाचपला,
बाहेर काढला आणि तळवा तसाच धरून
जिना उतरून कुमुदिनीबाईंकडे गेले,
ज्या एकदाही वर आल्या नव्हत्या.
त्यांनी पोळपाट बाजूला सारून
पिठाच्या बोटांनी तो तळवा दाबून पाहिला.
"कोरडा आहे," म्हणाल्या.

दिल्लीचं उत्तर श्रावणात आलं.
चार ओळी, त्यातली एक आभाराची.
असं पोट बांधलं तर जहाजाचा वेग मरतो.
शिवाय आताचा टॉर्पेडो कुशीत लागतच नाही,
तो तळाखाली जाऊन फुटतो,
जहाज खालून उचलतो
आणि कणा मोडतो.

मास्तरांनी ते आमच्या दुकानात उभ्यानं वाचून दाखवलं.
पत्र आधीच्याच घड्यांवर मिटलं.
खिशात घालायला गेले, खिसा सापडेना.
मग आपल्या स्टुलावर बसले.

बाबा कुणाच्या तरी लग्नाच्या पातेल्याला कल्हई करत होते.
हात थांबवता येत नाही तेव्हा,
थांबला की डाग पडतो.
कापसाचा बोळा गरगरत राहिला,
काळं भांडं चांदीचं होत राहिलं.

मान वर न करता बाबा म्हणाले,
"मग मास्तर,
खालून किती बोटं सोडू?"