वरची पट्टी

कायतानचा ऑसिलोस्कोप दोघांनी उचलून ठेवला,
टेबल कण्हलं.
तीस वर्षं जहाजाच्या रेडिओ-रूममध्ये,
मग अकरा त्याच्या पलंगाखाली.
"रडटा तो," कायतान म्हणाला, "रातीं चड."
आणि चहा न घेता गेला.

पहिलं रडणं सोपं होतं.
शंभर हर्ट्झची गुणगुण, खर्जातली,
वीज गाळणारा कपॅसिटर पोट फुगवून बसलेला.
बदलला. गुणगुण गेली.
मग कुरकुर: नॉब फिरवला की
पत्र्यावर वाळू सांडल्यासारखी.
वास्कोची हवा. इथे चांदीसुद्धा
दोन पावसाळ्यांत काळी पडते.
स्विचचे बावीस संपर्क, कापूस, स्पिरिट,
एक अख्खी दुपार.
पडद्यावर हिरवी रेघ आली,
शिंप्याने खडूने ओढावी तशी.
मी बिल लिहायला घेतलं.

"शिट्टी वाजतेय," उर्वी म्हणाली.
आयटीआयची पोर, महिनाभर माझ्याकडे शिकायला.
मी पंखा बंद केला. रेडिओ बंद केला.
समोरच्या ऑम्लेटवाल्याला म्हटलं, दोन मिनिटं थांब,
तो थांबलाही.
काही नाही.
"आहे. सुईसारखी."
प्लास्टिकची नळी कानात घातली,
एकेका भागाशी नेली, डॉक्टर छातीवर फिरवतो तशी.
काही नाही.
वाटलं, पोरीला काम वाढवून दाखवायचंय.

शेवटी माईक लावून दुसऱ्या स्कोपला जोडला
आणि दिसली:
दाट, बारीक लाट, करवतीच्या दात्यांसारखी,
सेकंदाला तेरा हजार.
चाळीस वर्षं कानांवर पोट भरलं,
हा आवाज मला डोळ्यांनी ऐकावा लागला.

तिच्या हातात बांबूची काडी दिली.
"आत दोन हजार व्होल्ट आहेत. डावा हात खिशात.
खिसा नाही? मग पाठीमागे."
ती एकेक भाग दाबत गेली,
मी तिच्या कपाळाकडे बघत राहिलो.
आठी.
आठी.
आठी.
कपाळ साफ.
उच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा,
जुना गोंद सुटलेला,
दोन अर्धुकं एकमेकांवर थरथरत होती.
वार्निशचा एक थेंब. रात्रभर वाळत ठेवलं.

त्या रात्री चिखलीत पायरीवर बसलो होतो.
मागच्या वर्षी मी पंचायतीला अर्ज दिला होता:
फ्लॅटसाठी डोंगर कापल्यापासून
आमच्या वाड्यावरचे रातकिडे संपले आहेत,
तरी चौकशी व्हावी.
सरपंचाने तो दोनदा वाचला होता,
मग माझ्याकडे बघितलं होतं.
उर्वीला फोन लावला, तिचं घर
आमच्या विहिरीपलीकडे.
"रातकिडे आहेत का गो?"
ती थोडी थांबली.
"म्हणजे? त्यांच्यापायी तर
खिडकी लावून घेतलीय."

सकाळी बिल पुरं केलं.
कपॅसिटर एक. स्विच सफाई.
वरच्या पट्टीतली शिट्टी: बंद,
उर्वीच्या सांगण्यावरून.
खाली तिची सही घेतली.

अर्ज मात्र मागे घेतला नाही.
डोंगर तर कापलाच आहे.