एकेचाळीस नंबरची पिशवी

भोंगा माझ्याकडे आला तो आवाजामुळे.
साहेब म्हणाले, घुगे, तुमचा खणखणीत आहे.
मास्कच्या आत काय खणखणीत राहतं?
माझाच श्वास माझ्या कानात, भात्यासारखा,
आणि समोर अडीचशे माणसं,
जालन्याच्या एमआयडीसीमागचं पटांगण,
केसांवर, भुवयांवर पिवळी भुकटी,
जशी कुणी हळद लावून विसरून गेलंय.

हातातल्या कागदावर होतं :
बाधित व्यक्तींनी वस्त्रे उतरवून
निर्विषीकरण कक्षाकडे मार्गस्थ व्हावे.
वाचलं. जसंच्या तसं.
कुणी हललं नाही.
एक पोरगा हसला, मग खोकला,
मग दोन्ही थांबवून माझ्याकडं बघत राहिला.

कागद इंदलच्या हातात दिला.
म्हटलं, ऐका. मी प्रल्हाद. अग्निशमनचा.
तोंड दिसत नाही, म्हणून छातीवर लिहिलंय.
गोदामात फवारणीचं औषध फुटलंय,
ते तुमच्या कपड्यांत बसलंय.
कपडे उतरले की बरंचसं उतरतं,
राहिलेलं पाणी नेतं.
चोळू नका. डोळे मिटा, तोंड मिटा, हात वर.
लेकरू आईपासून तोडणार नाही.

बायकांचं काय, हे कुणी विचारलं नाही.
सगळ्या नुसत्या बघत होत्या.
ताडपत्री बांधलीय, म्हटलं. आत सगळ्या बायाच.
पुरुष एक नाही.
“तू बी न्हाईस?”
मी बी न्हाई.
तरी रांग तिथंच.
मग रुकय्याबी आत गेली, बाहेर आली, ओरडली,
“औरतांच है गे अंदर, मैं देखको आई!”
रांग हलली ती त्या ‘देखको आई’नं.

बंबाचं पाणी सुटलं.
अकराव्या दिवशी नळ येणारी वस्ती ही.
गयाबाईनं पायाशी बादली लावली.
मावशी, हे पाणी न्यायचं नाही.
“प्यायला न्हाई, वापरायला.”
वापरायला पण नाही.
“मंग एवढं सांडायलास?”
याचं उत्तर कुठल्या कागदात असतं?
व्हय, म्हटलं, सांडायलोय. तुझ्यापायी.
तिनं बादली पालथी घातली,
आणि हात वर केले.

कपड्यांच्या पिशवीवर नंबर,
मनगटाच्या पट्टीवर तोच.
“परत मिळंल का?”
रांग पुन्हा अडली होती.
मागं एक लेकरू ओकत होतं.
मी भोंग्यातून म्हणालो, मिळंल.
तेवढंच एक मला माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी ती केंद्रावर आली,
पट्टी अजून मनगटात,
शाई उडालेली, पण एकेचाळीस वाचता येतं.
पदराच्या गाठीत चावी होती, म्हणाली. पेटीची.
“फोडली न्हाई अजून.
तू म्हणलास ना मिळंल.”

बुधवारीच सगळ्या पिशव्या ट्रकनं गेल्या होत्या.
भट्टीत.
ती माझ्या तोंडाकडं बघत होती,
पहिल्यांदाच बघत होती,
मग छातीकडं, जिथं आता नुसती गुंडी.
“परल्हाद तूच का?”

भोंगा कपाटात होता.
व्हय, म्हटलं.
बस. सांगतो.