कपाट नंबर सात

चौबाऱ्यामागच्या वाचनालयाचे पत्रे
उतरवायचं ठरलं, तेव्हा प्रश्न आला,
पुस्तकं ठेवायची कुठं?
मोंढ्यातलं गोदाम मिळत होतं,
पण तिथं तुरीसोबत घुशी मुक्कामाला.
व्यंकट सोनकांबळे म्हणाले
(बत्तीस वर्षं ग्रंथपाल, आवाज कधी चढला नाही),
"गल्लीतच वाटू. सही करा. दिवाळीआधी परत."

आमच्या वाट्याला कपाट नंबर सात:
एकशे बारा पुस्तकं, त्यांत नऊ उर्दू, दोन कानडी,
आणि विहिरी खोदण्यावरचं एक, बिनमुखपृष्ठाचं.
शिलाई मशीनशेजारी थप्पी लावली.
द्वारका म्हणाली, "वाळवी लागली तर मला बोलू नका."

गौस मिस्त्रीनं मागच्या भिंतीला कान लावला,
"चुन्याची हाय. सिमेंटपेक्षा दुप्पट दिवस खाईल."
खाल्ले. दुप्पट नाही, तिप्पट.
वर्गणीच्या वहीत पैसे कमी, वस्तू जास्त:
शहाबादी फरशा एकेचाळीस,
खिडकीचे गज,
भाजीवाल्या शोभाबाईकडून रोज मजुरांचा चहा.

भांडण झालं ते वाढीव खोलीवरून.
मी बोललो होतो, वाचनालय म्हणजे क्लास नव्हे,
खुर्च्या कशाला, चार्जिंगची बटणं कशाला.
भरतीची तयारी करणारी
कुशावर्ता बोईनवाड उभी राहिली.
"आमच्या खोलीत सहाजण राहतात, काका.
बल्ब एक."
एवढंच बोलली.
मी हात वर केला,
पण सगळ्यांचे खाली आल्यावर.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, मग पुस्तकं परतू लागली.
हातगाड्यांवर, सायकलींवर,
कुठं हळदीचा डाग, कुठं उदबत्तीचा वास.
सोनकांबळे नव्या फरशीवर मांडी घालून
एकेकाची पाठ पुसत मोजत होते.
आमची भरली एकशे अकरा.

घरी आलो. विहिरीचं पुस्तक
मशीनच्या फळीवर उघडं,
खुणेला शिंप्याचा निळा खडू.
"संपलं नाही अजून," द्वारका म्हणाली,
आणि पदराला हात पुसत
माझ्याआधी चालू लागली.

सोनकांबळ्यांनी कोरं कार्ड काढलं.
"नाव काय लिहू?"
तीस वर्षं आमच्या घराचं
एकच नाव होतं त्या रजिस्टरात.
तिनं पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट.

येताना विचारलं,
किती हातांवर पाणी लागलं मग?
म्हणाली, "तुमचं कार्ड हाय की.
माझं झाल्यावर न्या."