बदकाच्या सीनला हात हलवू नये

द्वारकेच्या उड्डाणपुलाला लागून, मेडिकलच्या वर, दुसरा मजला.
मंगळवार-शुक्रवार, सकाळची पाळी.
सहा खाटा, सहा यंत्रं, भिंतीवर एक टीव्ही,
आणि रिमोट वाल्मीककडे,
जो आम्हाला सुया टोचतो
आणि दर शुक्रवारी तोच सिनेमा लावतो.

नाव आम्ही घेत नाही.
जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत, तसं.
नुसतं म्हणतो, 'बदकाचा लाव रे.'

एक लग्नघर, तीन सारख्या ट्रंका.
एकीत दागिने, एकीत काकांची फुटकी बाजाची पेटी,
एकीत जिवंत बदक.
बोहल्यावरून पळालेली नवरी चुकीची ट्रंक उचलते
आणि स्टेशनवर नेमकी त्या माणसावर आदळते
जो विमा विकतो आणि पिसांना घाबरतो.
पुढे दोन तास
कुणी कुणाचं वाक्य पुरं ऐकून घेत नाही.
घेतलं असतं तर दहाव्या मिनिटाला सगळे जेवायला बसले असते.

बोरस्ते पिंपळगावहून सायकल हाणत आले होते,
डबलसीट, मेव्हण्याला घेऊन, परतताना पंक्चर.
रफिकभाई तेव्हा कथड्यातले पोरगे,
तिकिटं ब्लॅकने विकायचे,
'एक हाऊसफुल्ल खेळ आतून बघितला नाही,' म्हणतात,
'नुसतं हसणं ऐकलं, भिंतीला कान लावून.
आता बघतोय, फुकटात.'
म्हणजे फुकटात नाही. असो.

मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
एकतीस वर्षं चुका शोधल्या.
केसाएवढी रेघ जाड झाली की कागद बाद.
म्हणून मला दिसलं:
तिसऱ्या दारातून तो आत शिरतो तेव्हा टाय ठिपक्यांचा,
बाहेर पडतो तेव्हा पट्ट्यांचा.
पहिल्यांदा मी ओरडून सांगितलं सगळ्यांना.
आता गप्प राहतो, टायची वाट बघतो.
सबंध नोकरीत न केलेलं काम,
एक चूक पास करतो.

माझं रक्त या नळीनं बाहेर जातं, त्या नळीनं आत येतं.
पडद्यावर ती या दारानं बाहेर, तो त्या दारानं आत,
मागे काका, मागे आचारी, मागे बदक.
इतकी धावाधाव
आणि शेवटी ज्याची ट्रंक त्याला.
आम्ही चार तास हलायचं नाही.
आमच्या वाटचंही तेच पळतात बहुतेक.

द्राक्षांच्या गावात द्राक्षं बंद.
मिसळ बंद, नारळपाणी बंद,
दिवसाला पाणी अर्धा लिटर, तेही मोजून.
हसण्याचा उल्लेख फाइलीत नाही.
पण हसलं की हात हलतो,
हात हलला की यंत्र कोकलतं,
आणि भालेराव सिस्टर धावत येतात,
'काका, नळी वाकते! हसायचं तर पोटात हसा!'
त्यांना काय सांगू,
ते वाक्य पोटात मावत नाही.

पोलीस चौकी. टेबलावर उघडी ट्रंक.
हवालदार विचारतो, हे बदक कोणाचं?
आणि ती, पदर सावरत, शालू चिखलानं भरलेला,
सहा खाटांवरून आम्ही सगळे तिच्यासोबत:
'अहो, बदक माझं नाही, पण मी त्याची आहे!'

तांबट मावशी हे सगळ्यांच्या आधी म्हणायच्या,
अर्धं वाक्य आधी. आम्ही चिडायचो.
चैत्रापासून चार नंबरला एक पोरगा आहे,
बावीस वर्षांचा, सिन्नरचा, कानात बोंडं खुपसलेली.
'काळापांढरा?' एवढंच म्हणाला पहिल्या दिवशी.
दोन महिने भिंतीकडे तोंड.

आज चौकी आली.
बदकानं हवालदाराची टोपी उचलली.
आम्ही पाचही जणांनी हात घट्ट धरून ठेवले,
सिस्टरांची शपथ होती.
बोरस्त्यांच्या डोळ्यांतून पाणी, रफिकभाईंनी ओठ चावलेला,
कुणाचंच यंत्र वाजलं नाही.

मग वाजलं.
चार नंबर.