केळवदच्या अलीकडे

मे महिन्यात जिथं डांबर चपलेला चिकटतं
त्या नागपुरात मी गाडीत ब्लँकेट ठेवते
म्हणून जुन्या शाखेतला देवतळे अजून हसतो.
मॅडम, कुलू-मनालीला निघाल्या काय?

मी निघते पांढुर्ण्याला.
दर सोमवारी, पहाटे पाचला, मानकापूरहून.
डिसेंबरात रस्ता दिसतो दोन पट्ट्यांपुरता,
बाकी सगळं कोराडीच्या धुरात
कालवून ठेवलेलं.

यादी इद्रीसभाईंची. छावणीत त्यांचं बॅटरीचं दुकान,
ॲसिडनं बोटांची टोकं पिवळी.
बॅटरीतलं पाणी बघताबघता ते सांगत गेले,
मी विजेच्या बिलामागं लिहीत गेले:
टॉर्च, पण सेल बाहेर काढून.
लाल त्रिकोण.
पाण्याच्या दोन बाटल्या, एक गाडीची, एक तुमची.
काचेसाठी जुना पेपर,
कपडा नको, कपडा दव नुसतं पसरवतो.
गूळ-शेंगदाणे.
आगपेटी, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून.
घरचे नंबर कागदावर.
आणि जंपर केबल, जाड तांब्याची,
बाजारात मिळते ती सुतळी नको.

ब्लँकेट तेवढं माझं.
मुलाच्या होस्टेलचं, कोपऱ्यात मार्करनं
अ. रा. गजभिये, खोली १४.

पहिल्या हिवाळ्यात काही घडलं नाही.
शेंगदाणे मीच संपवले, टोलच्या रांगेत.

दुसऱ्या हिवाळ्यात सावनेरच्या पुढं
लग्नाचा एक टेम्पो बांधावर चढून बसलेला.
वऱ्हाडी पऱ्हाट्या गोळा करत होते,
नवरी मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेली.
आगपेटी तिथं राहिली.
कुणी परत दिली नाही, मीही मागितली नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात मी.
केळवदच्या अलीकडे थर्मासमधला चहा प्यायला थांबले,
लाइट चालूच राहिले.
चावी फिरवली. टक्. टक्.
मग टक् सुद्धा नाही.

डिक्की उघडली. आगपेटी सोडून सगळं होतं.
त्रिकोण मांडला. सेल घातले. ब्लँकेट गुंडाळलं.
गूळ दाताखाली धरला.
एवढ्या तयारीनं मी बारावीच्या परीक्षेलाही गेले नव्हते.
केबल सोडवली तर तिला चार चिमटे.
दोन माझ्या बॅटरीला लावले,
दोन धुक्यात लोंबत राहिले.

हे इद्रीसभाईंनी सांगितलं नव्हतं.

सहा ट्रक गेले. मोजायला दुसरं काय होतं.
सातवा पिकअप, संत्र्यांनी भरलेला,
पुढं गेला, थांबला, उलटा आला.
कानाला रुमाल बांधलेलं वीसेक वर्षांचं पोरगं,
अर्ध्या बाह्यांचा शर्ट.
त्यानं गाडी माझ्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी केली.

लाल लालले. काळा बॅटरीले नोका लावू मॅडम,
काळा लोखंडाले.
आता थांबा दहा मिनिटं. तिले जराशी पिऊ द्या.

ती पीत होती तोवर आम्ही चहा संपवला.
त्याच्या बोटांना संत्र सोलवेना, मी सोललं.
मग ब्लँकेट त्याच्या अंगावर टाकलं.
त्यानं कोपरा टॉर्चखाली धरला.
हे अ. रा. गजभिये कोण?
माझा मुलगा.
त्याले नाही वाजत थंडी?
तो चेन्नईला असतो.
मंग त्याचं काय काम ब्लँकेटचं, म्हणाला,
आणि सीटवर नीट खोचून बसला.

नाव विचारायचं राहिलं.

काल डिक्की झाडली.
त्रिकोणाखाली संत्र्याची सालं निघाली,
वाळून कडक, पापडासारखी.
टाकणार होते.
पण साल लवकर पेट घेते म्हणतात,
म्हणून पिशवीत बांधून ठेवली.
आगपेटी आणायची आहे.