अस्पष्ट उच्चार

जानेवारी ते एप्रिल. कॉलेजच्या हिशेबात पंधरा क्रेडिट्स.
ओटावात मला मिळालं एक टेबल,
एक हेडफोन, आणि पायाखाली पेडल,
शिवणयंत्राला असतं तसं. दाबलं की माणूस बोलतो,
सोडलं की वाक्याच्या मधोमध थांबतो.

संसदेच्या समित्यांपुढे जे बोललं जातं
ते कागदावर उतरवायचं, पण भांग पाडून.
'म्हणजे', 'आपलं ते', खोकला, तेच ते पुन्हा,
सगळं केरात.
मादाम तेरियो एकोणीस वर्षं हेच करतात.
पेन्सिलीला कायम टोक, जिभेलाही,
पण शुक्रवारी माझ्या टेबलावर न सांगता एक संत्रं असतं.
नियम बारा : अस्पष्ट उच्चार गाळावेत.

राहायला तळघर. खिडकीतून दिसतात फक्त बूट.
संध्याकाळी गोठलेल्या कालव्यावरून
अख्खं ऑफिस स्केट बांधून घरी जातं.
इथे बर्फाला एक शब्द पुरतो.
आमच्या पिंचर्स टिकलला
लाटांनी थापून थापून किनाऱ्यावर चढवलेला तो बॅलिकॅटर,
पाण्यावर लापशीसारखा डचमळणारा तो स्लॉब.
मी प्रत्येक वाक्याला 'बॉय' लावते म्हणून
रूममेट कॉर्डीलिया पहिल्याच आठवड्यात खूप हसली.
मनात काही नव्हतं तिच्या.
फेब्रुवारीपर्यंत माझ्या बोलण्याला इस्त्री झाली होती.

मार्चात मत्स्यव्यवसाय समितीपुढे
आमचे लिअँडरकाका आले.
कॉरिडॉरमध्ये दिसले, पाठमोरे.
कोट पिअर्सचा, त्याच्या बापाच्या मयतीला घेतलेला,
बाह्या बोटांपर्यंत.
रक्षकाला काही विचारत होते,
आणि तो नुसता 'पार्डन? पार्डन?'
चार पावलं पुढे जायचं होतं मला.
मी वळले, बायकांच्या बाथरूममध्ये गेले,
हात धुतले.
बराच वेळ धुतले.

दुसऱ्या दिवशी टेप माझ्याच वाट्याला आली.
तोवर त्यांचं विमान गेलेलं.
कारखाना नेलात तेव्हा आम्ही गप्प बसलो, ते म्हणत होते,
फेरीबोट तेवढी नेऊ नका.
आजारी माणसाला बॅलिकॅटरवरून होडीत घालून ओढावं लागेल.
फ्रेंच वाहिनीवरची दुभाषी तिथे अडखळली,
'बर्फ' म्हणून पुढे सरकली.
मग अध्यक्षीणबाईंचा प्रश्न :
हिवाळ्यात गावात माणसं किती?

टेपवर एकवीस सेकंद काही नाही.
म्हणजे आवाज वाढवला तर आहे.
बोटाने टेबलावर टकटक, आणि पुटपुटणं :
मी, ग्रेस, पिअर्स, त्याची आई,
टोबिनांची तिघं, आंधळा सायलस...
पिटमनची पोर, पंधरा.
नाही, ती नाही. ती गेली.
मग मायक्रोफोनजवळ येऊन, मोठ्याने :
'चौदा, मॅडम.'

पेडल सोडलं.
दाबलं. सोडलं. दाबलं.

मी सगळं टाइप केलं. एकूण एक नाव,
'ती नाही' सकट.
मादाम तेरियोंनी माझा हेडफोन मागून घेतला,
दोनदा ऐकलं.
म्हणाल्या, हे समितीला उद्देशून नाही, स्वतःशी आहे.
आणि रेघ मारली, हलक्या हाताने, पण मारली.
बॅलिकॅटरपाशी पेन्सिल थबकली.
स्पेलिंग नक्की हेच?
'आमच्याकडे कुणी लिहीतच नाही, बॉय,' मी म्हटलं.
साठीच्या बाईला, बॉय.
त्यांनी तो शब्द राहू दिला.

छापून आलं : पान बेचाळीस, उत्तर एका शब्दाचं.
फेरीचं अजून काही ठरलेलं नाही.
मे महिन्यात घरी जाईन. दोन विमानं, एक बस,
आणि ती बोट, असली तर.
धक्क्यावर लिअँडरकाका विचारतील, कशी काय राजधानी?
काय सांगायचं ते बघेन तेव्हा.
सप्टेंबरचं परतीचं तिकीट काढून ठेवलंय.
आकडा तसा बरोबरच होता.