नवा गडी

थेस्सालोनिकीहून आला तो, माझ्या मेहुण्याच्या व्हॅनमधून,
संत्र्यांच्या पेट्यांखाली, कस्टमवाल्याची नजर चुकवून.
प्रिलेपला सेफेदिनच्या गॅरेजमध्ये खोकं फोडलं
तेव्हा दाराशी त्याची बायको लाल मिरच्या भाजत होती,
आणि थर्माकोलचा चुरा
आमच्या मिशांना चिकटला.

एकसष्ट पट्ट्या.
नेझिरनं उजव्या हातानं एक टोक उचलून पाहिलं:
"अकॉर्डियनहून हलका. ह्याला कोण घाबरणार?"
इद्रिसनं वास घेतला. नव्या बुटासारखा, म्हणाला.
मी गप्प. मी ढोल वाजवतो,
आणि खोक्यावर छापलं होतं:
चारशे ठेके.

चारशे.
माझ्या बापाला अकरा येत होते. मला नऊ.

सेफेदिनच्या पोरानं, एर्जाननं, बटण दाबलं.
पडदा उजळला, भाषा निवडा म्हणाला.
आमची रोमानी त्यात नव्हती. तुर्की घेतली,
शिव्या तरी लागू पडतील म्हणून.

मग सात मात्रा लावल्या. तीन, दोन, दोन.
आणि ढोल वाजला.
चामडं ताणलेलं, हवा कोरडी,
वाजवणाऱ्याची कंबर जन्मात कधी दुखली नसावी असा.
मी मोजत राहिलो, चूक सापडेल म्हणून.
दहा मिनिटं. नाही सापडली.
चूक नाही हीच त्याची चूक,
असं लग्नात मी म्हटलंही असतं, दोन पेल्यांनंतर.
पण भर दुपारी, शुद्धीवर असताना सांगतो,
ठेका चांगला होता.

क्लॅरिनेट नावाचे सहाजण राहत होते आत.
पाचांना इद्रिसनं हाकलून दिलं.
सहाव्यापाशी थांबला. "हा श्वास कुठे घेतो?"
"घेत नाही," एर्जान म्हणाला.
"मग मरेल," म्हणत त्यानं सिगरेट पेटवली.
आणि जरा वेळानं, धुराआडून, हळूच:
सूर पावभर उतरवता येतो का?
येत होता. त्यासाठी बारा बटणं होती, ओळीनं.
इद्रिसच्या ओठाला तो पाव सूर सापडायला
चौदा हिवाळे गेले होते.
त्यानं राख बुटावर झटकली, अजून काही विचारलं नाही.

राहिला नेझिर.
फेब्रुवारीपासून त्याचा डावा हात खिशातच असतो.
अकॉर्डियन पलंगाखाली. त्यावर कुणी बोलत नाही.
एर्जान पोरगंच, त्याला काय भान, बोलून गेला:
"काका, डावीकडे एक बोट पुरतं."

नेझिरनं उजव्या हातानं डावा हात बाहेर काढला,
झोपलेलं मांजर उचलावं तसा,
आणि पट्ट्यांवर ठेवला.
करंगळीशेजारचं बोट. तेवढंच ऐकतं त्याचं.
दाबलं.
बास, दोन गिटारी, अख्खी व्हायोलिनांची रांग
उठून उभी राहिली, नवरी दारात आल्यासारखी.
बोट सरकवलं, सगळे सरकले.
बोट उचललं,
तरी वाजतच राहिले.

"नालायक," नेझिर म्हणाला,
"मी थांबलो की थांबायचं, एवढंही शिकवलं नाही ह्यांना?"
त्याच्या डोळ्यांकडे आम्ही पाहिलं नाही.
गॅरेजमध्ये पाहण्यासारखं बरंच होतं, जुने टायर वगैरे.

मग तो म्हणाला, "ह्यातला ढोल बंद होतो का?"
झाला. एका बटणात. इतका सोपा.
बाकीचे वाजत होते, मध्ये भोक पडलेलं,
आणि सगळे माझ्याकडे बघत होते.
माझा ढोल घरी होता.
मी रिकामं खोकं ओढलं,
'ही बाजू वर' लिहिलेली बाजू खाली केली, आणि वाजवलं.

सातव्या मात्रेवर मी जरा रेंगाळतो. बापाची खोड.
यंत्र पुढे निघून गेलं.
नेझिरचा उजवा हात थांबला माझ्यासाठी, एक क्षणभर,
मग त्यालाही धावावं लागलं.

बाहेर मिरच्या करपल्या.
सेफेदिन व्हॅनमधल्या जागा मोजत होता, ओठांतल्या ओठांत.
शनिवारच्या लग्नाचं
अजून कुणी मला काही बोललेलं नाही.